हेर क्नाप यांच्या ट्रकला भोक कोणी पाडलं?

एखादं यंत्र बंद पडलं की तुम्ही आधी कोणाचं नाव घेता? कंपनीचं? सरकारचं? मागच्या मालकाचं? आणि खरं सांगा, स्वतःचं नाव किती वेळा घेतलंत? विचारण्याचा मला अधिकार नाही, हे पुढे तुम्हाला कळेलच. तरी विचारते.

प्रवासाचं कारण आधी सांगते. वाशीमला माझ्या बाबांचा छापखाना आहे. पत्र्याची एक खोली, शिशाच्या देवनागरी खिळ्यांनी भरलेले लाकडी खण आणि पायाने चालवायचं ट्रेडल (छोटं छपाई यंत्र). शाळेच्या पुस्तकाआधी मी पत्रकं वाचायला शिकले. मोर्च्यांची, सभांची, वसतिगृहातल्या किडक्या डाळीविरुद्धची. माझ्याकडे काम असे शुद्धिपत्रं चिकटवण्याचं. बाबांचा नियम होता, चूक छापली तर दुरुस्तीही छापायची, आणि तेवढ्याच ठळक टायपात. एकदा एका वक्त्याचं आडनाव चुकलं, तर गठ्ठ्यातल्या एकेका पत्रकावर मी खळीने चिठ्ठी लावली होती. दोन दिवस बोटं चिकट होती.

भारनियमन काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. वीज गेली की आमच्या गल्लीतली कॉम्प्युटरवाल्यांची दुकानं मुकी होतात. बाबांचं ट्रेडल पायावर चालतं, म्हणून तेवढंच वाजत राहायचं. यंदाच्या पावसाळ्यात त्याचा बिडाचा सांगाडा तडकला. वेल्डिंग केलं, ते आठवडाभर टिकलं. बाबा फोनवर म्हणाले, "आता खिळे भंगारात देऊन टाकतो, प्रज्ञा. नुसते खण पुसत बसायचं मला जमत नाही." आवाज नेहमीसारखाच होता. मी इथे कार्ल्सरूहेच्या खोलीत फोन ठेवला आणि खिडकी ते दार, दार ते खिडकी चालत राहिले. मी सांडपाण्याच्या शुद्धीकरणावर संशोधन करते. माझ्या ज्ञानाचा त्या तडकलेल्या बिडाला काडीचा उपयोग नव्हता.

मग मला हेर क्नाप आठवले. (हेर म्हणजे श्रीयुत.) श्टुटगार्टच्या दक्षिणेला आल्ब नावाचं उंच पठार आहे, तिथल्या एका गावात हे सत्तरीचे गृहस्थ एकटेच छापखाना चालवत. आदल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये जयंतीचं आमचं मराठी-जर्मन पत्रक त्यांनीच छापलं होतं, आणि कार्यक्रमाच्या हॉलवर सामान न्यायला स्वतःचा जुना ट्रकही दिला होता. आता ते धंदा बंद करत होते. पायाने चालवायचं एक यंत्र त्यांच्याकडे कोपऱ्यात होतं. मी पत्र लिहिलं. तीन ओळींचं उत्तर आलं: यंत्र न्या. सोमवारी इमारतीची किल्ली नव्या मालकाला द्यायची आहे. त्याआधी नाही नेलंत तर ते भंगारात जाईल.

फ्रँकफर्टच्या वंदनाताई त्याच आठवड्यात कायमच्या नागपूरला परत निघाल्या होत्या. त्यांच्या सामानाच्या कंटेनरमध्ये एक कोपरा रिकामा होता. कंटेनर शुक्रवारी संध्याकाळी पाचला हलणार. पाचला म्हणजे पाचला.

गुरुवारी दुपारी मी निघाले. कार्ल्सरूहेहून रेल्वेने श्टुटगार्ट, तिथून दुसरी गाडी, मग बस. बस वळणावळणाने पठारावर चढत होती. दोन्ही बाजूंना बीच झाडांची तांबूस जंगलं, मधूनच पांढऱ्या चुनखडीचा कडा उघडा पडलेला. एका थांब्यावर अळंब्यांची टोपली घेतलेली आजी अजून रस्ता ओलांडत होती, म्हणून ड्रायव्हरने बस थांबवून धरली. मी घड्याळ पाहत होते. सुंदर जागी मला स्वस्थ बसता येत नाही, हा माझा दोष आहे.

हेर क्नाप यांनी यंत्राला तेल देऊन, घोंगडीत गुंडाळून, लाकडी चौकटीवर बोल्टने आवळून ठेवलं होतं. सुट्या भागांच्या कागदी पुड्या केल्या होत्या आणि प्रत्येकीवर बारीक अक्षरात लिहिलं होतं: डावीकडचा, आधी हा, मग तो. संध्याकाळी त्यांनी मसुराची घट्ट उसळ आणि श्पेट्झले (अंड्या-मैद्याच्या जाड शेवया) वाढल्या. मी पिशवीतली तिखटाची डबी काढली. त्यांनी चिमूटभर घेतलं, डोळे पुसले आणि म्हणाले, "आल्झो (तर मग). आता ही उसळ झाली."

जेवणानंतर त्यांनी ट्रकची वही दाखवली. काळ्या पुठ्ठ्याची. प्रत्येक पानावर तीन रकाने: काय बिघडलं, कारण, काय केलं. ट्रक विकत घेतल्यापासूनचा एकही दिवा, एकही पट्टा त्यातून सुटलेला नव्हता. "कारण" हा रकाना कुठेही कोरा नव्हता.

"आणि कारण सापडलंच नाही तर?" मी विचारलं.

"मग ते सापडेपर्यंत मी पुढची ओळ लिहीत नाही."

शुक्रवारी सकाळी सहाला यंत्र ट्रकमध्ये चढवून फ्रँकफर्टला निघालो तेव्हा पठारावर धुकं होतं. उतरणीला लागलो तसा पाऊस आला, आणि श्टुटगार्टच्या कडेच्या औद्योगिक वसाहतीपाशी वायपर काचेच्या मध्येच थांबला. हेर क्नाप यांनी बाजूला घ्यायला इंडिकेटर दिला, तर हॉर्न वाजला. इंडिकेटर बंद केला, तर दोन्ही दारांची कुलपं आपोआप खटखट वरखाली होऊ लागली. मागचा गाडीवाला आम्हाला हातवारे करत पुढे गेला. त्याला वाटलं, आम्ही त्यालाच हॉर्न देतोय.

"वळताना मी हात बाहेर काढून दाखवते," मी म्हटलं. "आमच्याकडे क्लीनर असाच दाखवतो. हळूहळू फ्रँकफर्टला पोचू."

हेर क्नाप यांनी माझ्याकडे पाहिलं. "फ्राऊ (श्रीमती) इंगोले, हात नको. दिवा हवा."

त्यांनी ट्रक कसाबसा त्याच कंपनीच्या एका वर्कशॉपच्या आवारात नेला. मी तिथूनच गौतमदादाला फोन लावला. गौतमदादा मूळचा अकोल्याचा, आमच्या जयंती समितीचा विजेवाला. श्टुटगार्टात एका फर्ममध्ये कंत्राटावर इंजिनिअर आहे.

"दादा, ट्रक पागल झालाय."

"पागल हे लक्षण नाही. नक्की काय काय करतोय ते सांग."

मी सांगितलं.

"इंजिन चालू राहतंय ना? मग बीसीएम गेलं, बॉडी कंट्रोल मॉड्यूल. दिवे, वायपर, हॉर्न, कुलपं, सगळ्यांना हुकूम देणारी पेटी असते ती. मी दिवसभर अशाच पेट्यांना टेबलावर छळतो. तुझ्या पायापाशी, डॅशबोर्डखाली असेल. तिच्यावरचा नंबर मला मेसेज कर, शेवटच्या अक्षरासकट. आणि हे बघ, तिथे कोणाशी भांडू नको."

तोवर मी काउंटरवर पोचले होते. तिथल्या माणसाने ट्रकचा नंबर टाकून पडद्यावर पाहिलं. ती पेटी आता साठ्यात नसते. मागवावी लागेल, दहा-बारा दिवस लागतील, मिळेलच असं नाही. शिवाय एवढ्या जुन्या ट्रकसाठी हा खटाटोप परवडत नाही.

"जुना? दहा वर्षांचा ट्रक जुना?" मी म्हटलं. "माझ्या बाबांचं ट्रेडल माझ्या बाबांपेक्षा मोठं आहे."

"त्यात अशी पेटी नसेल," तो शांतपणे म्हणाला.

मग मी बोलले. मोडक्या जर्मनमध्ये, पण मोठ्याने. यंत्र विकता आणि त्याची अक्कल एका सीलबंद पेटीत कोंडून स्वतःकडे ठेवता. पेटी गेली की धडधाकट ट्रक भंगारात, आणि माणसाने नवीन घ्यायचा. हा ट्रक मरत नाहीये, तुम्ही त्याला मारताय. रांगेतला एक ड्रायव्हर "गेनाऊ!" (अगदी बरोबर!) म्हणाला, तेव्हा मला आणखी जोर चढला. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "तुम्ही म्हणता ते बरोबर असेल. मला फक्त हा पडदा दिसतो."

बाहेर येऊन मी पाकिटाच्या मागे लिहायला घेतलं. पत्रकाचं शीर्षकही सुचलं: पेटीचा मालक कोण? साडेनऊ वाजले होते.

गौतमदादा अर्धी रजा टाकून एस-बानने (उपनगरी गाडीने) आला. ऑफिसचे बूट, छत्री, लॅपटॉपची बॅग आणि डबा. त्याने जुन्या गाड्यांच्या भंगार आवारात फोन करून ठेवला होता. दोन स्टेशनांवर ते आवार, द्राक्षमळ्याच्या पायथ्याशी. गाड्या एकावर एक रचून ठेवलेल्या, काचांतून पावसाचं पाणी वाहत होतं. नंबर जुळणारी पेटी एका थंड माल नेणाऱ्या ट्रकमध्ये सापडली. गौतमदादाने ती जॅकेटच्या आत छातीशी धरली, नवजात बाळासारखी. आम्ही परतलो तेव्हा अकरा झाले होते.

वर्कशॉपच्या मागच्या गल्लीत मार्को नावाच्या क्रोएशियन मिस्त्रीचं एका खोलीचं गॅरेज होतं. तिथवर ट्रक नेणं हीच एक मिरवणूक झाली. दिवे नाहीत म्हणून हेर क्नाप यांनी चालण्याच्या वेगाने ट्रक हाकला, आणि गौतमदादा उघडी छत्री घेऊन पुढे चालत राहिला. वळण आलं की तो छत्री डावीकडे करायचा आणि मागून हॉर्न वाजायचा.

मार्कोने बॅटरीची तार सोडली, माझ्या आसनापुढची पट्टी काढली, तीन स्क्रू फिरवले आणि जुनी पेटी बाहेर ओढली. वह्यांच्या जोडीएवढी, काळी. त्याने ती तिरकी केली. तिच्या कोपऱ्यातून दोन चमचे तपकिरी पाणी जमिनीवर पडलं.

"ही मेली नाही," मार्को म्हणाला. "बुडाली."

त्याने प्लगच्या पिनांवरचा हिरवा गंज ब्रशने घासून काढला, प्लग वाऱ्याने सुकवला. हातात दुसरी पेटी तयार होती. मी म्हटलं, "लावा ना."

"लावतो. पण पाणी कुठून आलं? ते न बघता लावली तर पुढच्या पावसात हीही बुडेल."

त्याने बाटलीतलं पाणी पुढच्या काचेच्या तळाशी, वायपरच्या मुळाशी ओतलं आणि आत येऊन विजेरी धरली. आम्ही तिघं त्याच्या खांद्यांवरून पाहत होतो. अर्ध्या मिनिटाने एक थेंब आला. एका वायरीवरून घसरत आला, तिच्या कापलेल्या टोकाशी थांबला, फुगला आणि बरोबर पेटीच्या जागी पडला.

वायर निळी होती.

मी ती ओळखली. मीच ती विकत घेतली होती. दुकानात काळी होती, लाल होती, पण मी हट्टाने निळीच आणली होती. आदल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये हॉलबाहेर उभ्या असलेल्या या ट्रकवर रोषणाई हवी, कर्णा हवा, हा हट्टही माझाच. मिरवणुकीला परवानगी नाही, मग ट्रक तरी नटला पाहिजे, असं भाषण मी समितीत केलं होतं. हेर क्नाप किल्ली देऊन मुलीकडे कॉफीला गेले होते. गौतमदादाने वीज या पेटीच्या प्लगवरून उचलली, आणि वायर वर न्यायला काचेखालच्या पत्र्याला भोक मी पाडलं. ड्रिल माझ्या हातात होतं. कार्यक्रम संपल्यावर वायर बाहेरून आणि प्लगपाशी कापली, भोकावर चिकटपट्टी मारली, आणि ट्रक धुऊन परत दिला. धुतलाय म्हणून हेर क्नाप यांनी आमची तारीफही केली होती.

पाण्यावर संशोधन करणारी बाई, आणि दीड वर्षाचा पाऊस त्या चिकटपट्टीच्या भरवशावर.

"इथे भोक कोणी पाडलं?" मार्कोने विचारलं.

"माझ्या ट्रकला कोणी भोक पाडलेलं नाही," हेर क्नाप म्हणाले. त्यांनी खाली वाकून ते पाहिलं. "हे मागच्या मालकाचं काम असणार. उल्मचा, कौलं बसवणारा मिस्त्री. छतावर काहीबाही दिवे लावायचा. मी त्याला सरळ माणूस समजत होतो."

मी तोंड उघडलं. गौतमदादाने माझा कोपर दाबला आणि मराठीत, अगदी हवापाण्याच्या सुरात म्हणाला, "प्रज्ञे, आत्ता नको. यंत्र अजून त्यांचं आहे. म्हातारा ट्रक फिरवून घरी गेला तर बाबांना काय सांगशील? फ्रँकफर्ट होऊ दे, मग दोघं मिळून सांगू."

"काय म्हणतात हे?" हेर क्नाप यांनी विचारलं.

"डबा उघडू या म्हणतात," मी म्हटलं. हे माझं त्या दिवसातलं पहिलं खोटं.

डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या होत्या. त्या खात खात मार्कोने भोकाला रबरी बूच ठोकलं, त्यावर डांबरासारखा लेप दिला आणि निळी वायर मुळापासून काढून माझ्या पायाशी टाकली. मग पेटी बसवून किल्ली फिरवली. दिवे लागले, वायपर हलला. पण पेटी पुन्हा पुन्हा बीप करत राहिली. ती मागच्या थंडगार खोलीचं दार उघडं आहे म्हणून ओरडत होती.

"हिला अजून आपण जुन्याच ट्रकमध्ये आहोत असं वाटतंय," गौतमदादा म्हणाला.

मार्कोने आपलं तपासणीचं यंत्र ट्रकला जोडलं आणि एकेक गोष्ट पेटीला समजावली. थंड खोली नाही. मागे दुसरा दिवा नाही. धुक्याचे दिवे आहेत. पाऊण तास गेला. मी गॅरेजच्या दारात आतबाहेर करत होते. शेवटी इंडिकेटर दिला, आणि इंडिकेटरच लागला. हॉर्न गप्प. हेर क्नाप यांनी टाळी वाजवली, एकच. मग वही काढून त्यांनी लिहिलं. काय बिघडलं: नियंत्रक पेटी. कारण: भोक, मागचा मालक. काय केलं: पेटी बदलली, भोक बुजवलं.

एक वाजून दहा मिनिटांनी निघालो. गौतमदादा छत्री मिटून फाटकाशी उभा होता. त्याने मला बोटाने ओठ दाखवले.

महामार्ग हायलब्रॉनकडे चढउतार करत होता. द्राक्षांचे मळे पिवळे पडलेले, मध्येच एखाद्या टेकडीवर बुरूज. मी काच खाली केली, वर केली. पाय हलवत राहिले. हेर क्नाप मात्र खुशीत होते. वायपर फिरतोय हे पाहून ते अधूनमधून मान डोलवत.

"उद्या त्या उल्मच्या माणसाला पत्र लिहिणार," ते म्हणाले. "दर ख्रिसमसला आमची कार्डं जातात-येतात. आता त्याला कळू दे, मला काय विकलं ते."

मी काच पुन्हा खाली केली.

"माणसाने भोक पाडावं, हरकत नाही. पण विकताना सांगावं ना?"

मला वाशीमची ती खोली दिसायला लागली, आणि बोटांना खळ लागल्यासारखी वाटली. सकाळी एका निरपराध काउंटरवाल्याला मी सगळ्या भांडवलशाहीचा जाब विचारला होता. आता कौलं बसवणारा एक निरपराध मिस्त्री माझ्या ड्रिलची शिक्षा भोगणार होता आणि मी बाहेरचे मळे बघत होते. एकीकडे हे, आणि दुसरीकडे बाबांचे खण. हेर क्नाप परत फिरले तर सोमवारी यंत्र भंगारात, आणि वाशीमला खिळेही भंगारात. मी मनातल्या मनात गौतमदादाची बाजू मांडून पाहिली. ती चांगली भक्कम होती. त्या बाजूने मी दहा पत्रकं लिहिली असती.

"हेर क्नाप, भोक मी पाडलं," मी म्हटलं.

वायपर दोनदा फिरला. मग त्यांनी उजवीकडचा इंडिकेटर दिला, टिक टिक टिक, आणि ट्रक विसाव्याच्या जागेत घेऊन इंजिन बंद केलं. तीन वाजायला वीस मिनिटं होती. ते खाली उतरले आणि मागे गेले. मागची दारं उघडल्याचा आवाज आला. मला वाटलं, यंत्र इथेच उतरवतात की काय. मी उतरून मागे गेले. ते आत घोंगडीवर हात ठेवून उभे होते.

"कधी?"

"मागच्या वर्षी, एप्रिलमध्ये. रोषणाईसाठी. तुम्ही कॉफीला गेला होतात."

ते उतरले, केबिनमध्ये जाऊन वही आणली आणि पेनासकट माझ्यापुढे धरली. "ही ओळ खोटी आहे. खोटी ओळ घेऊन मी फ्रँकफर्टला जाणार नाही. दुरुस्त करा."

मी "मागचा मालक" खोडलं. स्वतःचं नाव लिहिलं.

"किती मिलिमीटर?"

"काय?"

"भोक."

"आठ."

"लिहा, आठ. रबर बसवलं होतं?"

"नाही."

"लिहा. दुसरं भोक आहे?"

मी वर पाहिलं. "छतात दोन. बारीक. कर्ण्यासाठी."

"लिहा." आणि त्यांनी विजेरी, चिकटपट्टी आणि शिडी काढली. पावसात ते छतावर पाहायला चढले. मी खाली शिडी धरून उभी, घड्याळ माझ्या मनगटावर, पाच वाजता कंटेनर हलणार. ते एकेक भोक पुसून, सुकवून, बोटाने दाबून पट्टी लावत होते. मला ओरडावंसं वाटत होतं. ओरडायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं.

"वायर कोणी जोडली?" त्यांनी वरून विचारलं.

"ते तो स्वतः लिहील."

"गेनाऊ," ते म्हणाले. आणि केबिनमध्ये बसल्यावर, किल्ली फिरवताना: "मला राग आला आहे, फ्राऊ इंगोले. पण तो फ्रँकफर्टनंतर. आत्ता रस्ता ओला आहे."

पुढचे दोन तास हेर क्नाप यांची नजर रस्त्यावरच होती. डोंगर संपले, ऱ्हाईनचा सपाट मुलूख आला, कोबीची शेतं, विजेचे खांब, मग उजवीकडून खाली उतरणारी विमानं आणि दूर ढगात अर्धे बुडालेले बँकांचे मनोरे. पाच वाजले तेव्हा आम्ही शहराच्या सिग्नलला उभे होतो. मी वंदनाताईंना फोन लावत होते, कोणी उचलत नव्हतं.

त्यांच्या गल्लीत वळलो. कंटेनर होता. आणि त्याच्या उघड्या दारात वंदनाताई खुर्ची टाकून बसल्या होत्या, मांडीवर चिवड्याचा डबा. कंटेनरचा ड्रायव्हर समोर उभा राहून चहा पीत होता, बहुधा तिसरा.

"अहो, त्यांना अजून थोडा चिवडा द्या!" त्या आत नवऱ्याला ओरडल्या. मग मला, "आलीस? वीस मिनिटं झाली, हा माणूस दार लावतो म्हणतोय. म्हटलं, मी उठले तर लाव."

त्यांची दहा वर्षांची मुलगी पायरीवर बसली होती. "आई कधीची अशीच बसलीय का गं?" मी विचारलं. "या," तिने जर्मनमध्येच हो म्हटलं, आणि पुढेही जर्मनमध्येच, की तिला फार लाज वाटतेय.

ट्रकची पाठ कंटेनरच्या पाठीला लागली. हेर क्नाप, ड्रायव्हर, वंदनाताईंचे यजमान आणि मी, चौघांनी चौकट सरकवली. कपाट आणि गाद्यांच्या मध्ये यंत्र बसलं. हेर क्नाप यांनी आत जाऊन पट्टे आवळले, पुड्यांची पेटी त्याच्या पायाशी बांधली आणि घोंगडीवरून एकदा हात फिरवला. दार लागलं. कंटेनर वळणावरून दिसेनासा होईपर्यंत ते रस्त्यात उभे होते.

मला ते परतीच्या वाटेवर कार्ल्सरूहेला सोडणार होते. महामार्गाला लागल्यावर त्यांनी आसन पुढे घेतलं. "आल्झो. आता राग."

आणि कार्ल्सरूहेपर्यंत ते रागावले. पत्रा म्हणजे काय, भोकाची कड कशी गंजते, रबर का लावतात, वायरीला खाली झोळ का देतात म्हणजे पाणी झोळाशीच गळतं, परवानगी कशाला म्हणतात, आणि धुतलेल्या ट्रकवर त्यांनी केलेली तारीफ कशी परत घेतली जात आहे. मी प्रत्येक गोष्टीला "या, या" म्हणत होते. इतका सविस्तर राग मी आजवर कोणाचा ऐकला नव्हता. सकाळचा माझा राग त्यापुढे नुसताच मोठ्या आवाजाचा होता. तो मी मागे घेत नाही. पेट्या सीलबंद करून चालते ट्रक भंगारात पाठवणं चूकच आहे, आणि पेटीचा मालक कोण हे पत्रक मी लिहिणार आहे. पण त्या शुक्रवारच्या पेटीचा खून कंपनीने केला नव्हता. ते त्या पत्रकाच्या पहिल्याच पानावर असेल, तेवढ्याच ठळक टायपात.

मी उतरले तेव्हा हेर क्नाप यांनी काच खाली केली. "एप्रिलमध्ये ट्रक लागेल ना?"

मी हो म्हणून मान हलवली.

"मग भोक मी पाडीन."

पुढच्या रविवारी गौतमदादा स्वतः आल्बला जाऊन वहीत आपली ओळ लिहून आला. उल्मला पत्र गेलं नाही.

यंत्र माघाच्या थंडीत वाशीमला पोचलं. बाबांनी पुड्या वाचता येईनात म्हणून फोन धरून ठेवला, मी एकेकीवरचं जर्मन उलगडून सांगितलं आणि त्यांनी ते जोडलं. मागे वीज नव्हती, हे मला फोनवरच कळलं, कारण गल्लीतल्या कॉम्प्युटरवाल्यांच्या दुकानांचा आवाज नव्हता आणि ट्रेडलचा होता. पहिलं काम कोणतं काढू, असं त्यांनी विचारलं. मी त्यांना चार ओळी सांगितल्या. त्या त्यांनी छापल्या आहेत, आणि या लेखाचा शेवटही त्याच ओळींनी करते:

येत्या जयंतीला, लग्नाला, मिरवणुकीला तुम्ही कोणाच्या तरी गाडीवर रोषणाई कराल. मालकाला विचारल्याशिवाय भोक पाडू नका. पाडलंत तर रबर बसवा, वायरीला झोळ द्या. आणि मागच्या वर्षी पाडलेलं असेल, तर हे पत्रक खिशात घालून आजच त्या मालकाच्या घरी जा, आणि भोक कुठे आहे ते त्याला दाखवा.